देव, आत्मा आणि परिणामांवरून काढलेला माग

प्रश्न थोडक्यात असा आहे: इलेक्ट्रॉन कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, गुरुत्वाकर्षण पाहिलेलं नाही, कृष्णद्रव्य (डार्क मॅटर) तर अजून कुठल्याच यंत्रात सापडलेलं नाही. तरीही परिणामांवरून विज्ञान या सगळ्यांचा अभ्यास करतं. मग देव, आत्मा, प्राण, पुनर्जन्म यांचाही असाच अप्रत्यक्ष अभ्यास का होऊ नये? "हे आमच्या कक्षेबाहेरचं" म्हणून वैज्ञानिक हात का झटकतात?

माझं उत्तर आधीच सांगते. असा अभ्यास करता येतो, आणि गेली दीडशे वर्षं लोक तो करत आले आहेत. एखादी गोष्ट दिसत नाही, तिला वजन नाही, आकार नाही, एवढ्याने विज्ञानाचं काही अडत नाही. घोडं अडतं ते दुसरीकडे. ती गोष्ट खरी असेल तर काय घडेल आणि काय मुळीच घडणार नाही, हे निकाल हाती येण्याआधी लिहून द्यायला कुणी तयार आहे का? माझं काम औषधांच्या चाचण्यांचे आराखडे करण्याचं आणि आलेल्या आकड्यांचं विश्लेषण करण्याचं. आयुष्याचा मोठा भाग त्यात गेला, त्यामुळे या प्रश्नाकडेही मी चाचणीच्या अंगाने बघते. घरी देव्हारा आहे आणि संध्याकाळी मी दिवाही लावते. पुढचं लिहिताना ते मी बाजूला ठेवलेलं नाही.

अप्रत्यक्ष म्हणजे नेमकं काय, ते न्यूट्रिनोच्या गोष्टीतून नीट कळतं. काही किरणोत्सारी अणू फुटतात तेव्हा त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हिशेबाप्रमाणे त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी सारखीच भरायला हवी होती. प्रत्यक्षात ती कधी कमी, कधी जास्त भरत होती. कुठेतरी ऊर्जा गळत होती. नील्स बोर यांच्यासारखा माणूस ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यायच्या तयारीत होता. डिसेंबर १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी एका पत्रात सुचवलं की विद्युतभार नसलेला, जवळजवळ कशातच न अडकणारा एक कण ही ऊर्जा घेऊन जात असावा. त्या घडीला हा कण म्हणजे हिशेब जुळवण्यासाठी धरलेली रक्कम होती. देवाविषयीच्या अनेक युक्तिवादांची जी अवस्था आहे, तीच त्याची होती: काहीतरी कळत नाही, तेव्हा तिथे अदृश्य कुणीतरी आहे असं म्हणायचं.

पुढे मात्र वाट वेगळी झाली. एन्रिको फर्मी यांनी त्या कणाला नियमांत बांधलं, म्हणजे तो किती क्वचित आणि कशाशी धडकेल याचा हिशेब मांडला. त्यातून अशी अपेक्षा निघाली की अणुभट्टीजवळ हे कण प्रचंड संख्येने असणार, आणि त्यांतला एखादा पाण्यातल्या प्रोटॉनवर आदळला तर एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन विद्युतभाराचा कण) आणि एक न्यूट्रॉन निर्माण होणार. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर इथल्या भट्टीशेजारी, जमिनीखाली, पाण्याच्या टाक्या ठेवल्या. पाण्यात कॅडमियम क्लोराइड मिसळलं होतं. पॉझिट्रॉन लगेच नष्ट होतो आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. न्यूट्रॉन काही मायक्रोसेकंद भटकतो, मग कॅडमियम त्याला गिळतं आणि पुन्हा एक झळाळी उमटते. म्हणजे आधी जोडीची चमक, मग ठरलेल्या अंतराने दुसरी. अशा घटना तासाला मोजक्याच सापडायच्या. पण भट्टी चालू असताना त्या वाढायच्या आणि बंद केली की घटायच्या. १९५६ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणाही पकडल्या.

या गोष्टीत कुणीही न्यूट्रिनो "पाहिला" नाही. पण भट्टी बंद करता येत होती. कारण बाजूला काढलं की परिणामही जातो, हे दाखवता येत होतं. शिवाय अगदी वेगळ्या दिशांनी आलेले पुरावे एकाच कणाकडे बोट दाखवत होते.

परिणामावरून कारणाकडे जाणं आपल्याकडेही काही नवं नाही. सांख्यांनी मूळ प्रकृतीबद्दल हेच म्हटलं होतं: ती दिसत नाही कारण ती सूक्ष्म आहे, ती नाही म्हणून नव्हे; आणि ती कळते ती तिच्या कार्यांवरून. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा, डोंगरावरचा धूर आणि आग तर शाळकरी मुलालाही माहीत असतो. पण त्यांनी लगोलग घातलेली अट आपण विसरतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. म्हणजे धुरावरून आग म्हणता येईल, आगीवरून धूर म्हणता येणार नाही. धुराला ओलं सरपणही लागतं. दोन गोष्टी सोबत दिसल्या तर मध्ये तिसरं काही दडलेलं नाही ना, हे तपासायला त्यांनी सांगितलं होतं. औषधाच्या चाचणीत आम्ही दिवसभर दुसरं काय करतो?

आणि परिणामावरून काढलेला माग चुकतोही. युरेनस ठरल्या वाटेवरून जरा ढळतो, तेव्हा पलीकडे न दिसलेला ग्रह असावा, असं गणित ल व्हेरिये यांनी मांडलं. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण रोखली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्याच ल व्हेरिये यांनी १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतल्या ढळण्यावरून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचं सांगितलं. नावही ठरलं, व्हल्कन. काहींनी तो पाहिल्याचंही कळवलं. तो नव्हताच. शतकाला ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताने भरून काढला. माणूस तोच, पद्धत तीच, एकदा अदृश्य वस्तू निघाली आणि एकदा आपलीच समजूत अपुरी निघाली. कृष्णद्रव्याचं काय होईल ते अजून ठरायचं आहे. म्हणून "परिणाम दिसतो, म्हणजे मागे अमुकच आहे" एवढं वाक्य कुणालाच पुरत नाही, भौतिकशास्त्रज्ञालाही नाही.

आता आत्म्याकडे येते. एकवीस ग्रॅमची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, मूळ प्रयोग फार थोड्यांना माहीत असतो. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅवरहिल गावी डॉ. डंकन मॅकडूगल यांनी १९०१ पासून मरणासन्न रुग्णांची खाट काट्यावर ठेवून वजनं घेतली आणि १९०७ मध्ये ती प्रसिद्ध केली. काटा साधारण साडेपाच ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवायचा. रुग्ण एकूण सहा. पहिल्याचं वजन मृत्यूच्या क्षणी पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, एकदम घटलं. दुसऱ्याच्या मृत्यूचा नेमका क्षणच ठरवता आला नाही. तिसऱ्याचं वजन घटलं आणि काही मिनिटांनी आणखी घटलं. चौथ्या वेळी काटा नीट जुळवलेला नव्हता. पाचव्याच्या वजनातली घट पुढे काट्यावर नीट पडताळता आली नाही. सहावा रुग्ण काटा जुळवत असतानाच गेला. पंधरा कुत्र्यांवर हाच प्रयोग केला, त्यांत घट दिसली नाही. जगाने सहापैकी पहिला आकडा उचलला आणि तो सव्वाशे वर्षं फिरतो आहे.

तरीही मला मॅकडूगल यांच्याबद्दल आदर आहे. आत्मा असेल तर त्याला वजन असेल आणि तो जाताना काटा हलेल, असा स्पष्ट शब्द त्यांनी दिला. तो मोजता येणारा होता, खोटा ठरू शकणारा होता. काटा हाती असलेल्या माणसाने याहून प्रामाणिक काय करावं? आकडे सहाच आणि तेही विसकटलेले, म्हणून त्यातून काही सिद्ध होत नाही. आत्मा नाही, हेही सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक दर्शनांनी आत्म्याला वजन आहे असं कधी म्हटलेलंच नाही, त्यामुळे तो प्रयोग त्यांच्या आत्म्यापर्यंत पोचतच नाही.

याच वाटेवरचा फार चांगला आराखडा सॅम पार्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हृदय बंद पडून परत आलेले काही लोक सांगतात की आपण छताजवळून स्वतःचं शरीर पाहत होतो. आत्मा खरंच वर गेला असेल तर वरून दिसणाऱ्या, पण खाटेवरून न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसायला हव्यात. म्हणून त्यांनी रुग्णालयांत उंचावर फळ्या लावल्या आणि फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात १५ रुग्णालयांतल्या २०६० घटना होत्या. ज्यांच्याशी बोलता आलं त्यांतल्या दोघांना पाहिल्या-ऐकल्याची सविस्तर आठवण होती, आणि त्यांतल्या एकाचं वर्णन प्रत्यक्ष घडलेल्याशी जुळलं. पण दोघांचंही हृदय बंद पडलं ते फळी नसलेल्या जागी. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात ५६७ रुग्णांपैकी ५३ वाचले, २८ जणांशी बोलता आलं. चित्र कुणालाही ओळखता आलं नाही, कानात ऐकवलेले शब्द एकाने ओळखले. निकाल अपुरा आहे, पण प्रश्न अचूक विचारलेला आहे. उद्या फळीवरचं चित्र दहा-वीस जणांनी ओळखलं तर मेंदूविज्ञानाला पुस्तकं पुन्हा लिहावी लागतील, आणि ती लिहिली जातील याबद्दल मला शंका नाही.

पुनर्जन्माच्या बाबतीत महाराष्ट्रातलंच एक प्रकरण पाहण्यासारखं आहे. १९७४ च्या सुमारास नागपूरच्या एक सुशिक्षित मराठी बाई अधूनमधून "शारदा" होऊ लागल्या. त्या अवस्थेत त्या मराठी विसरत आणि बंगाली बोलत. आपण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंगालमधल्या आहोत आणि साप चावून मेलो, असं सांगत. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी चिकाटीने तपास केला. बंगालमधल्या एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीतली पुरुषांची नावं शारदाच्या सांगण्याशी जुळली. हे वाचताना मी थबकले होते. पण स्टीव्हन्सन यांच्याच नोंदींत असंही आहे की शाळेच्या दिवसांत बाईंनी थोडं बंगाली वाचायला शिकून घेतलं होतं आणि बंगालबद्दल त्यांना आधीपासून ओढ होती. सारा टॉमसन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी भाषेच्या पुराव्यावर आक्षेप घेतले. बाई खोटं बोलत होत्या असं मला मुळीच वाटत नाही. अडचण अशी की माहिती पोचायच्या साध्या वाटा आता कुणालाच बंद करून दाखवता येत नाहीत. इथे भट्टी बंद करता येत नाही. मूल पहिल्यांदा काही बोलायला लागलं त्याच दिवशी, समोरचं घराणं सापडण्याआधी, प्रत्येक विधान तारखेसह लिहून ठेवलेली प्रकरणं म्हणूनच मोलाची, आणि ती फार थोडी आहेत.

प्रार्थनेवर मी जरा जास्त थांबते, कारण हा थेट माझ्या कामाचा भाग. १९८८ मध्ये रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या हृदयरुग्णांवर केलेली चाचणी लोक आजही पुढे करतात. ३९३ रुग्णांपैकी ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली ते काही बाबतींत बरे राहिले. त्या बाबी होत्या २६ पैकी ६. इतक्या गोष्टी मोजल्या की काही ना काही जुळतंच. म्हणून मुख्य मोजमाप कोणतं, हे आम्ही चाचणीआधी लिहून घेतो.

२००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने ही उणीव दूर केली. सहा अमेरिकी रुग्णालयं, बायपास होणारे १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यांतल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला खात्रीने सांगितलं की होणार, आणि झाली. प्रार्थना करणारे ख्रिस्ती गट लांबचे, अनोळखी. त्यांना रुग्णाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर मिळे, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस ते प्रार्थना करत. मुख्य मोजमाप आधीच ठरलेलं: ३० दिवसांत काही गुंतागुंत होते का. निकाल असा. माहीत नसताना प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१ टक्के. आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ठाऊक असलेल्यांत ५९ टक्के. तो शेवटचा आकडा योगायोगही असू शकतो, किंवा "माझी तब्येत इतकी बिघडली आहे का?" ही धास्तीही.

यावरून देव नाही असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि ते मला पटत नाही. ज्या गटासाठी "प्रार्थना नव्हती" त्यांच्या बायका, मुलं, मित्र घरी प्रार्थना करतच होते; त्यांना कोण थांबवणार? तपासलं गेलं ते एवढंच की अनोळखी लोकांच्या जादा प्रार्थनेने गुंतागुंत कमी होते का. त्याचं उत्तर मिळालं: या पद्धतीने तरी नाही. भाविक म्हणतो की देव गोळीसारखा नसतो, तो यादी पाहून कृपा करत नाही. हा आक्षेप मी मनापासून मान्य करते. पण त्याची किंमतही मोजावी लागते. कृपा कधी, कुणावर, कशी होईल याची कुठलीच अपेक्षा ठेवायची नसेल, तर बरं झालेला रुग्णही पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

आणि निकाल उलटा लागला असता तर? समजा, प्रार्थना झालेल्यांत गुंतागुंत निम्मी झाली असती. मी ते आकडे पुन्हा पुन्हा तपासले असते आणि मग मान्य केले असते. पण कारण देवच, हे कसं ठरवायचं? प्रार्थना करणाऱ्यांच्या मनाचीच काही शक्ती असेल तर? ऐकणारा कुणाचा देव? नैयायिक उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकात न्यायदर्शनाच्या अनुमानाने ईश्वर सिद्ध करायला घेतला: घडा आहे तर कुंभार असणार, जग आहे तर कर्ता असणार. विरोधकांचं म्हणणं असं की पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला देह असतो, आणि मोठं घर तर अनेक कारागीर मिळून बांधतात. मग ईश्वरही देहधारी आणि अनेक मानायचे का? हजार वर्षांनंतर चाचणीच्या टेबलावर मला हाच आक्षेप समोर दिसतो. परिणामावरून "काहीतरी आहे" इथपर्यंत जाता येतं. ते "काहीतरी" नेमकं कोण, हे ठरवायला दुसरीकडून स्वतंत्र पुरावा लागतो.

आधी लिहून देणं म्हणजे काय, याचा आपल्याकडचा चांगला नमुना २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेली फलज्योतिषाची चाचणी. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० अशा २०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाने ४० पाहून कोणती कुठल्या गटातली ते सांगायचं. यशाचा उंबरठा ठरला २८. उत्तरं पाठवलेल्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली, सर्वाधिक २४. ग्रहांचा प्रभाव कुणाला दिसत नाही, तरी चाचणीला काही अडचण आली नाही.

मग अभौतिक गोष्टींना विज्ञान हात लावत नाही, ही समजूत आली कुठून? वेदना घ्या. ती दुसऱ्याला दिसत नाही, तिला वजन नाही, आणि आम्ही तिच्यावर रोज चाचण्या करतो. रुग्णासमोर १०० मिलिमीटरची रेघ ठेवतो, एका टोकाला "मुळीच नाही", दुसऱ्याला "कल्पना करता येईल तितकी", आणि खूण करायला सांगतो. आशेचाही अभ्यास झालेला आहे. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं पाणी टोचलं; काहींचं दुखणं त्यानेच कमी झालं. मग शरीरातल्या अफूसदृश रसायनांना रोखणारं नॅलोक्सोन दिलं, तर तो आराम ओसरला. मनातली अपेक्षा शरीरात कुठल्या वाटेने उतरते, ते पहिल्यांदा असं हाती लागलं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं तेव्हा त्यांचीही दिशा हीच होती: प्राणाबद्दल ग्रंथ काय म्हणतात ते बाजूला ठेवून आधी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांच्या वेळी पोटातला दाब मोजायचा, क्ष-किरण घ्यायचे. भक्तीचा अनुभव, ध्यानातली शांतता, कीर्तनात हरवून जाणं, हे सगळं अभ्यासता येतं आणि ते खरं असतं. त्या वेळी मेंदूचा अमुक भाग उजळला म्हणून अनुभव खोटा ठरत नाही, कारण आंबा पाहतानाही मेंदू उजळतो आणि आंबा असतोच. ओलाफ ब्लांके यांनी २००२ मध्ये मेंदूच्या एका भागाला विजेने चेतवून शरीराबाहेर गेल्याचा अनुभव घडवला. त्यातून कळलं की असा अनुभव यायला आत्मा बाहेर जावाच लागतो असं नाही.

निर्गुण, निराकार, सगळ्याचं अधिष्ठान असलेलं ब्रह्म मात्र जगातल्या कुठल्याही दोन अवस्थांत फरक करत नाही. ते असतं तर हे झालं असतं, नसतं तर ते, असं त्याच्याबद्दल बोलताच येत नाही. तिथे विज्ञानाने हो म्हणू नये, नाही म्हणू नये. तत्त्वज्ञान आणि साधना यांचं ते क्षेत्र आहे, आणि ते छोटं नाही.

आज कुणी प्रार्थनेच्या नव्या चाचणीचा प्रस्ताव माझ्यापुढे ठेवला तर मी तीन गोष्टी मागेन. मुख्य मोजमाप एकच आणि आधी नोंदवलेलं. आकडे उघडेपर्यंत कोणता रुग्ण कुठल्या गटात आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नसावं. आणि निकाल विरुद्ध गेला तर प्रस्तावकर्ता स्वतःचं कोणतं मत सोडेल, याचं एक लेखी वाक्य. "तुमच्यासाठी प्रार्थना होणारच" असं रुग्णाला सांगणारा तिसरा गट मात्र मी मंजूर करणार नाही. ५९ टक्के हा आकडा योगायोग असो वा नसो, तो माहीत असताना ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसाच्या मनावर ते ओझं टाकायला माझी सही मिळणार नाही.